नव्या मंडळीत जाताना पेहराव कसा ठरवावा: गोव्यातल्या वाचकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी जेमतेम १०५ किलोमीटर आहे. तरीही एवढ्याशा पट्ट्यात पेहरावाचे जितके निरनिराळे रिवाज शेजारी शेजारी नांदतात तितके देशात फार थोड्या ठिकाणी आढळतील. सकाळी घरच्यांबरोबर मंगेशीला जाऊन येणारा डिचोलीचा एखादा तरुण संध्याकाळी वागातोरच्या माळावर बुलेटवाल्यांच्या मेळाव्यात असतो, डिसेंबरात पणजीच्या कला महोत्सवात स्वयंसेवक म्हणून राबतो आणि फातोर्ड्याला एफसी गोवाचा सामना असला की केशरी जर्सी चढवून मडगाव गाठतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी कपड्यांवरून माणसाची पारख होत असते, आणि नव्याने येणाऱ्याची जरा अधिकच होते. अशा वेळी काय घालावे, काय घालू नये, आणि मंडळीत मिसळताना आपण आपले कितपत राहावे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका उथळ नाही.

हा लेख अशा वाचकासाठी आहे, ज्याला एखाद्या मंडळीचे खरोखरच आकर्षण वाटते, मग ती मोटारसायकलवाल्यांची असो, स्केटबोर्ड खेळणाऱ्यांची असो, मेटल संगीत ऐकणाऱ्यांची असो वा हणजुणे-वागातोरच्या ट्रान्सवाल्यांची, म्हणजे ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक संगीतावर रात्रभर नाचणाऱ्यांची. पण तिच्यासारखे कपडे घातले तर आपण सोंग केल्यासारखे दिसू आणि न घातले तर उपरे ठरू, अशा पेचात जो सापडला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, कोणत्याही मंडळीचा पेहराव तिच्या कामातून निघालेला असतो. म्हणून आधी त्या कामात उतरावे आणि कपड्यांना मागून येऊ द्यावे. पुढच्या साऱ्या पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: स्वतःच्या कपाटाची झडती

नवे काही विकत घेण्याआधी आपल्याजवळ काय आहे आणि त्यातले आपण खरोखर काय वापरतो, हे पाहणे आवश्यक आहे. कपाटातले सर्व कपडे पलंगावर काढावेत आणि त्यांचे दोन ढीग करावेत: गेल्या वर्षभरात कोणी न सांगता, हात आपोआप ज्यांच्याकडे गेला ते एका बाजूला, आणि लग्नकार्य, नोकरी किंवा आग्रह यांपायी घालावे लागले ते दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगाकडे शांतपणे पाहिले तर त्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येताना दिसतात. कोणाच्या सगळ्या सदऱ्यांना कॉलर असते, कोणाचे सगळे काही एक माप सैल असते, कोणाकडे निळ्याच्या चार छटा सोडून दुसरा रंगच नसतो. एखादीच्या प्रत्येक पोशाखात एक जाड सुती ओढणी असते, आणि वसंतात केसांत सुरंगीचा वळेसर माळल्याशिवाय तिला बाहेर पडवत नाही.

या पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींपैकी तीन-चार वहीत लिहून ठेवाव्यात. त्यालाच आपली शैली म्हणावे; त्यापलीकडे त्या शब्दात काही गूढ नाही. पुढे कोणत्याही मंडळीत गेलात तरी या तीन-चार गोष्टींपैकी निदान दोन अंगावर राहिल्या पाहिजेत, कारण आपण कोणाची नक्कल करतो आहोत असे इतरांना वाटण्याआधी ते स्वतःलाच वाटू लागते, आणि अवघडलेपण चालण्या-बसण्यातून लगेच दिसते. सैल कपड्यांची सवय असलेल्या माणसाने केवळ मेटलवाले घालतात म्हणून पायाला चिकटणारी काळी जीन्स घातली, तर तो सगळी संध्याकाळ गुडघ्यापाशी कापड ओढत बसतो. त्याने सैल काळी पॅण्टच घालावी. रंग मंडळीचा, घेर आपला.

दुसरी पायरी: पाहणे, आणि नेमके कोणाकडे पाहणे

नवखा माणूस मेळाव्यात गेला की त्याची नजर सर्वांत सजलेल्या माणसाकडे जाते. हे साहजिक आहे, पण तो माणूस बहुधा स्वतःही नवखाच असतो. मी हौशी मराठी रंगभूमीवर वेशभूषेचे काम करतो. तिथे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही पात्र ओळखता यावे म्हणून खुणा ठळक कराव्या लागतात: मोटारसायकलवाला दाखवायचा तर कातडी जाकीट, कमरेची साखळी, डोक्याला रुमाल आणि बोटात कवटीची अंगठी असे सगळे एकदम द्यावे लागते. प्रत्यक्षात वीस वर्षे गाडी चालवणाऱ्याच्या अंगावर यातले एखाददुसरे असते, आणि तेही झिजलेले. म्हणून जे मंडळीत सर्वांत जुने आहेत, ज्यांना इतर जण येऊन काही विचारतात, त्यांच्याकडे पाहावे.

पाहायला सुरुवात पायांपासून करावी, कारण पादत्राण सहसा खोटे बोलत नाही. स्केटबोर्ड खेळणाऱ्याच्या बुटाची झीज ठरावीक जागी असते: फळीसकट उडी मारताना तो पुढच्या पायाची बाहेरची कड फळीवरच्या खरखरीत कागदावर घासत वर ओढतो, त्यामुळे करंगळीच्या बाजूला कातडे फाटते आणि बंदही तिथेच तुटतात. हे खेळाडू कापडी बुटांपेक्षा स्वेडचे, म्हणजे मखमली पोताच्या कातड्याचे, बूट पसंत करतात ते याच कारणाने, की ते त्या घर्षणात जास्त टिकतात. मोटारसायकलवाल्याच्या डाव्या बुटाच्या चवड्यावर वरच्या बाजूला काळसर डाग असतो. गिअर वर घेताना दांडा तिथे लागतो. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी असे, त्यामुळे ज्यांनी अशा गाड्यांवर आयुष्य काढले त्यांच्या उजव्या बुटावर तो डाग सापडतो, आणि जाणकार त्यावरून माणसाची पिढी सांगतात. अशा खुणा बाजारात विकत मिळत नाहीत.

या निरीक्षणासाठी दोन-तीन भेटी लागल्या तरी लागू द्याव्यात. त्या काळात काय घालावे, हे चौथ्या पायरीत येईल.

तिसरी पायरी: दिसले त्याची वर्गवारी

आता जे पाहिले त्याचे तीन भाग करावेत. एक कामाचे, म्हणजे ज्याचा त्या मंडळीच्या उद्योगात प्रत्यक्ष उपयोग आहे ते. दुसरे हौसेचे, म्हणजे जे आवडते म्हणून घातले जाते. तिसरे मानाचे, म्हणजे जे मंडळीने दिल्याशिवाय किंवा काही केल्याशिवाय अंगावर चढवायचे नसते. साऱ्या चुका हे तीन भाग एकमेकांत मिसळल्याने होतात, म्हणून या पायरीवर थोडे रेंगाळणे योग्य ठरेल.

कामाच्या वस्तूंना बहुतेक वेळा सरळ इतिहास असतो. मोटारसायकलवाल्यांचे तिरप्या चेनचे कातडी जाकीट अमेरिकेत आयर्विंग शॉट यांनी १९२८ मध्ये बाजारात आणले. चेन तिरपी ठेवल्याने टाकीवर वाकताना ती पोटात रुतत नाही आणि छातीवर कातड्याचे दोन पदर येऊन वारा अडतो. आठ छिद्रांचे डॉक्टर मार्टेन्स बूट १ एप्रिल १९६० रोजी इंग्लंडात निघाले ते कारखान्यातल्या कामगारांसाठी आणि टपालवाल्यांसाठी. लंडनची बंडखोर पोरे पुढे त्यांच्याकडे वळली. व्हॅन्स या बूट कंपनीचे दुकान १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये उघडले, आणि त्यांचा जाड, चिकट रबरी तळवा फळीवर घट्ट बसतो हे स्केटबोर्डवाल्या मुलांनी आपणहून शोधून काढले. आपल्याकडच्या ट्रान्सवाल्यांचा अनेक खिशांचा कमरपट्टा घ्या: रात्रभर नाचायचे तर पिशवी खांद्यावर चालत नाही आणि मोबाइल, किल्ली, पैसे कुठेतरी ठेवावेच लागतात. त्यांचे चमकणारे पिवळे-गुलाबी रंगही नाचाच्या जागी लावलेल्या अतिनील दिव्यांमुळे आले. त्या प्रकाशात ते रंग पेटल्यासारखे दिसतात आणि म्हापशाच्या बसस्टॅण्डवर दुपारी बारा वाजता मात्र नुसते भडक दिसतात.

हे फक्त बाहेरून आलेल्या मंडळींपुरते नाही. कुणबी-गावडा समाजातल्या बायकांची लाल चौकड्यांची साडी आखूड नेसली जाई आणि खांद्यावर गाठ मारून घट्ट बांधली जाई, कारण ती नेसून चिखलात वाकून लावणी करायची असे. कोलवाळचे वेशभूषाकार वेण्डेल रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास तिचे हातमागावरचे विणकाम पुन्हा पुढे आणले, तेव्हापासून पणजीच्या प्रदर्शनांत आणि समारंभांत ती दिसू लागली. ज्यांच्या घरात तो वारसा नाही त्यांनी ती नेसू नये असे मी म्हणणार नाही. मात्र ती कोणाची आहे आणि कशासाठी तशी नेसली जाई, हे विचारल्यास सांगता आले पाहिजे, आणि साडी विणलेली असली पाहिजे, छापलेली नव्हे. हे ओळखणे सोपे आहे: पदर उलटून पाहावा. रंगीत सुताने विणलेल्या चौकड्या दोन्ही बाजूंनी सारख्याच गडद असतात, छापलेल्या कापडाची मागची बाजू फिकट पडते. यंत्रमागाचे कापडही दोन्हीकडून सारखे दिसते, म्हणून हातमागाचेच हवे असल्यास हॅण्डलूम मार्कची चिठ्ठी पाहून घ्यावी.

हौसेच्या वस्तूंबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. अंगठ्या, केसांचे रंग, चित्रविचित्र मोजे, चांदीचे कानातले ज्याच्या त्याच्या आवडीचे असतात, आणि नवख्याला तिथे पूर्ण मोकळीक असते.

मानाच्या वस्तू मात्र नीट समजून घ्याव्यात. मोटारसायकल क्लबांत जाकिटाच्या पाठीवर जे मोठे बिल्ले शिवलेले असतात, विशेषतः वर क्लबचे नाव, मध्ये चिन्ह आणि खाली प्रदेश अशी तीन भागांची जी रचना असते, ती सदस्यत्वाची खूण आहे. उमेदवारीचा काळ काढल्यावर ती मिळते आणि क्लब सोडल्यावर परत करायची असते. तशी दिसणारी रचना हौस म्हणून शिवून मेळाव्यात गेल्यास हसण्यावारी नेले जाईलच याची खात्री नाही. मेटलवाल्यांच्या बिनबाह्यांच्या डेनिम जाकिटावरचे बॅण्डचे बिल्ले इतके कडक नियमांचे नसतात; तिथे अपेक्षा एवढीच की ज्याचा बिल्ला लावला त्याचे संगीत ऐकलेले असावे. काही खुणांचा अर्थ मधल्या काळात बदललेलाही असतो. फ्रेड पेरी या ब्रिटिश कंपनीचा काळा, पिवळ्या किनारीचा टी-शर्ट कित्येक दशके संगीतप्रेमी तरुणांचा होता. अमेरिकेतल्या एका अतिउजव्या संघटनेने तो गणवेशासारखा वापरायला घेतल्यावर कंपनीने अमेरिका आणि कॅनडात त्या रंगसंगतीची विक्रीच थांबवली, आणि २०२० मध्ये तसे जाहीर केले. म्हणून अर्थ माहीत नसलेली खूण, ती कितीही देखणी असो, विचारल्याशिवाय घेऊ नये.

गोव्यात यात आणखी एक बाब येते. देवादिकांची चित्रे छापलेल्या विजारी किनाऱ्यावर विकायला टांगलेल्या असतात आणि त्या पाहून आपल्याला राग येतो. तो रागही रास्त आहे. पण आपलीच मुले रोझरीची माळ दागिना म्हणून गळ्यात घालून हिंडतात तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या आजींना काय वाटत असेल, याचा विचार आपण क्वचित करतो. रोझरी जपासाठी असते. मणी आवडले तर साध्या मण्यांची माळ घ्यावी. हस्तिदंताचे किंवा कासवाच्या पाठीचे दागिने ‘जुने आहेत’ असे सांगून कोणी दाखवले तर हातही लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा व्यापार गुन्हा आहे.

चौथी पायरी: पहिल्या भेटीचा पोशाख

पहिल्या भेटीसाठी एक साधे सूत्र पुरेसे आहे: आपल्या पहिल्या ढिगातले, अंगाला नीट बसणारे, रोजचे कपडे, आणि त्यात मंडळीच्या कामाला लागणाऱ्या मोजक्याच वस्तू. हौसेची वस्तू फार तर एक, आणि मानाची एकही नाही.

मोटारसायकलवाल्यांकडे जाताना पूर्ण लांबीची जाड जीन्स, घोटा झाकणारे बूट आणि आयएसआय खुणेचे हेल्मेट असले की झाले. चप्पल घालून आणि हेल्मेट आरशाला लटकवून येणाऱ्यापेक्षा साध्या टी-शर्टातला, पण बूट-हातमोजे घातलेला नवखा तिथे अधिक आपला वाटतो. जाकीट घ्यायचेच तर गोव्याच्या उकाड्यात जाळीच्या कापडाचे आणि खांदे-कोपरांवर संरक्षक पट्ट्या असलेले घ्यावे. कातडी जाकिटाचा मोह पहिल्या वर्षी टाळावा.

स्केटबोर्डवाल्यांत सपाट तळव्याचे बूट आणि गुडघा मोकळा वाकेल अशी विजार पुरते. मेटलच्या कार्यक्रमाला काळा टी-शर्ट घालावा, आणि त्यावर बॅण्डचे नाव असलेच तर ज्याची निदान चार-पाच गाणी आपण मनापासून ऐकली आहेत त्याचेच असावे. कोणी ‘तीन गाणी सांग’ म्हणून परीक्षा घेऊ लागला तर ती त्याची असभ्यता समजावी, पण उत्तर जवळ असलेले बरे. कोरा काळा टी-शर्ट केव्हाही चालतो आणि नवख्याला तो शोभतोही.

ट्रान्सच्या ठिकाणी अनोळखी माणसे पोशाखावर सर्वाधिक खर्च करतात आणि गरजेचे नेमके तेच विसरतात. जानेवारीत उघड्यावर पहाटे दव पडते आणि गारठा जाणवतो, जमिनीची लाल धूळ घोट्यापर्यंत चढते, आणि आवाज कानाला इजा करण्याइतका मोठा असतो. तेव्हा सुती कपडे, बंद बूट, कमरेला बांधता येईल असा टोपीचा स्वेटर आणि कानात घालायचे बोळे हीच तयारी. मोरपिसे, कपाळावरचे चमचमते ठिपके, गुडघ्यापर्यंतच्या लोकरी नळ्या वगैरे नंतर सुचेल तसे.

फुटबॉलच्या मैदानावर रंग सांभाळला की पुरे. चित्रपट महोत्सव किंवा कला महोत्सवाच्या मंडळींत ठसे छापलेला लिननचा सदरा, चांदीचे कडे आणि कोल्हापुरी अशी एक वर्दीच तयार झाली आहे. ती घालू नये असे नाही, पण ती नसल्याने कोणी दारात अडवत नाही; उलट तिथे खरे काम करणारे, खिळे ठोकणारे, तारा ओढणारे लोक साध्या टी-शर्टात असतात आणि नवख्याने ओळख त्यांच्याशी करून घ्यावी. कोल्हापुरी घ्यायची तर ती कातड्याची खरी घ्यावी. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तिच्यासारख्याच चपला मूळ कारागिरांचे नाव न घेता दाखवल्यावर केवढा गदारोळ झाला हे वाचकांना आठवत असेल. ज्याची वस्तू त्याचे नाव घ्यावे, हा नियम विकत घेणाऱ्यालाही लागू आहे.

देऊळ, चर्च, भजनाचा सप्ताह यांना कोणी अशा याद्यांत धरत नाही, पण बाहेरून आलेल्या माणसाला तीही नवी मंडळीच असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढ्यावर मंगेशीपासून जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकापर्यंत सगळीकडे निभावते. ख्रिस्ती मित्राच्या लग्नाला मात्र सणाचा झब्बा घालून जाण्यापेक्षा सूट किंवा निदान पूर्ण बाह्यांचा सदरा, पॅण्ट आणि पॉलिश केलेले बूट बरे. तिथे नीटनेटकेपणाकडे बारकाईने पाहिले जाते.

पाचवी पायरी: खरेदी, आणि पावसाळ्याचा विचार

परदेशी मासिके आणि व्हिडिओ पाहून केलेली खरेदी गोव्यात पहिल्या पावसाळ्यात उघडी पडते. जून ते सप्टेंबर या काळात इथे सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि बंद कपाटात ओल कुठून शिरते ते कळत नाही. कातड्याला पांढरी बुरशी येते. स्वस्त ‘कातडी’ जाकिटे प्रत्यक्षात पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या कापडाची असतात. हा थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि खपल्यांसारखा सुटतो. बुटांच्या पॉलियुरेथेनच्या तळव्यांचेही तेच: दोन वर्षे जपून ठेवलेला बूट घालून माणूस बाहेर पडतो आणि शंभर पावलांत तळवा भुगा होऊन मागे राहतो. असे बूट जपून ठेवण्यापेक्षा नियमित वापरलेले अधिक टिकतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी मुलामा दिलेल्या लोखंडी खिळ्यांऐवजी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे आणि चेन पाहून घ्यावेत, कारण खाऱ्या हवेत मुलामा काही महिन्यांत जातो आणि गंजाचे डाग कापडावर उतरतात.

खरे कातडे घेतलेच तर ते प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बंद करून ठेवू नये. रुंद खांद्याच्या हॅंगरवर, सुती कापडाखाली, हवा खेळेल असे टांगावे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसावे, आणि बुरशी दिसल्यास उन्हात न टाकता सावलीत वाऱ्यावर वाळवून मग कातड्याचे मेण चोळावे.

कुठे घ्यावे, याचे उत्तर बहुतेकांच्या घराजवळच असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात साधे सुती कपडे, टोप्या, पट्टे, पितळी बकले मिळतात आणि घासाघीस करता येते. हंगामात हणजुण्याचा बुधवारचा बाजार आणि हडफड्याचा शनिवारचा रात्रबाजार भरतो; तिथे नव्या मालाचे दर पर्यटकांसाठी लावलेले असतात, पण वापरलेल्या वस्तूंचा एखादा पथारीवाला सापडला तर त्याच्यापाशी बसावे. सर्वांत उपयोगी माणूस मात्र गावचा शिंपी. सैल जाकीट खांद्यावर आत घेणे, विजारीची लांबी बुटाच्या गळ्याशी आणणे, जुन्या सदऱ्याच्या बाह्या काढून त्याचे बिनबाह्यांचे जाकीट करणे, ही कामे तो नव्या कपड्याच्या किमतीच्या अंशात करून देतो. त्याला मोबाइलवरचे चित्र दाखवू नये; चित्रातल्या माणसाची अंगयष्टी वेगळी असते आणि शिंपी इमानदारीने तीच बेतायला जातो. आपला नीट बसणारा एक जुना कपडा नेऊन ‘खांदा असा, घेर असा’ हे त्यावर बोट ठेवून सांगावे.

खरेदीचा वेगही सांभाळावा. एका महिन्यात एकच वस्तू घ्यावी, आणि ती निदान तीन-चार वेळा वापरल्याशिवाय दुसरी घेऊ नये.

सहावी पायरी: कपडे अंगात मुरू देणे

नवा कपडा नवाच दिसतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण अनेकांना घाई असते, म्हणून ते कारखान्यात फाडलेली जीन्स आणि वाळूच्या कागदाने घासलेले बूट विकत घेतात. जाणत्याच्या नजरेतून हे सुटत नाही, कारण खरी जीन्स मांडीवर, गुडघ्यामागच्या चुण्यांत आणि पाकीट ठेवतो त्या खिशाच्या चौकोनात फिकी होते, आणि या जागा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. कपडा फाटला तर दुरुस्त करावा. बिल्ला चिकटवण्यापेक्षा हाताने शिवावा: दुहेरी जाड सुताने, कडेपासून गव्हाच्या दाण्याएवढे अंतर सोडून, लहान टाक्यांनी. टाके वाकडे आले तरी बिघडत नाही. मेटलवाल्यांत तर शिंप्याच्या मशिनीवर शिवलेल्या बिल्ल्यांपेक्षा वाकड्या टाक्यांनाच अधिक मान आहे.

इथे नकलेबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. ‘खरे’ आणि ‘दिखाऊ’ यांतल्या फरकावर वाद घालणारे असे धरून चालतात की खरा माणूस कोणाची नक्कल करत नाही. पेडण्यातल्या दशावताराच्या पार्टीत नवा मुलगा आधी जुन्या नटाचे उभे राहणे, त्याची शब्दफेक हुबेहूब उचलतो, आणि मग काही हंगामांनी त्यातले त्याला न पेलणारे गळून पडते. पेहरावाचेही असेच व्हायला हवे. सुरुवातीला कोणाचे तरी पाहून घेतलेच जाते. प्रश्न एवढाच की पुढे काही गळून पडते आहे का. वर्षभराने तुमचा पोशाख ज्याचे पाहून घेतला त्याच्यासारखाच हुबेहूब असेल, तर पहिल्या पायरीत लिहिलेली वही पुन्हा उघडावी.

स्वतःला विचारायचे आणखी दोन प्रश्न आहेत. मंडळीतले कोणीही भेटणार नाही अशा दिवशी, बाजारात मासळी आणायला जाताना, ही वस्तू मी घालेन का? आणि ही कुठून आली असे कोणी विचारले तर सांगायला मला अवघड वाटेल का? दोन्हींची उत्तरे सरळ आली तर ती वस्तू तुमची झाली. एखाद्या मंडळीत कपड्यांच्या किमतीवरूनच माणूस मोजला जात असेल, नवख्याने काम किती शिकले याकडे कोणाचे लक्ष नसेल आणि नव्या बुटांकडे मात्र सगळ्यांचे असेल, तर तिथे थांबण्यात अर्थ नाही.

सातवी पायरी: घर, कचेरी आणि मंडळी

गोव्यात ही तीन जगे एकमेकांपासून फार दूर नसतात. ज्या माणसाला काल रात्री हिरव्या केसांत पाहिले तो चतुर्थीच्या आरतीला घुमट वाजवायला शेजारच्या घरी येतो, आणि तिथे त्याची मावशी बसलेली असते. म्हणून बदलांचा क्रम असा ठेवावा की जे काढून ठेवता येते ते आधी, जे वाढून किंवा धुऊन जाते ते मग, आणि जे कायमचे ते सर्वांत शेवटी. जाकीट, माळा, अंगठ्या पहिल्या वर्षात; केसांचा रंग आणि कापणी त्यानंतर; कान-नाक टोचणे त्याहून पुढे; आणि गोंदवणे, विशेषतः मनगट, मान आणि चेहरा यांवरचे, मंडळीत दोन-तीन वर्षे काढल्यावरही ज्याची इच्छा टिकून आहे त्यानेच करावे. गोंदवायचे ठरलेच तर प्रत्येक वेळी नवी, आपल्यासमोर पाकिटातून काढलेली सुई वापरणाऱ्याकडेच जावे. किनाऱ्यावर चटई टाकून बसलेल्याकडे नव्हे.

कचेरीत जाताना संपूर्ण वेश बदलण्याची गरज पडत नाही. मंडळीच्या पोशाखातली कामाची वस्तू, म्हणजे चांगले काळे बूट, जाड पट्टा, गडद जीन्स, सहसा कुठेही खपते. अडचण येते ती हौसेच्या आणि मानाच्या वस्तूंची, आणि त्या पिशवीत मावतात.

घरच्यांशी बोलताना सिद्धान्त सांगू नये. आजीने ‘कितें रे हें आंगार घातलां?’ असे विचारले, तर बंडखोरीवर भाषण देण्यापेक्षा ‘आजी, गाडी पडली तर कोपर सोलू नये म्हणून आहे’ असे सांगितले की ती जाकीट हातात घेऊन अस्तर तपासू लागते आणि शिवण कुठे उसवली आहे तेही दाखवते. कामाच्या वस्तूचा हा आणखी एक फायदा आहे: तिचे कारण कोणालाही समजते. हौसेच्या वस्तूला कारण नसते, तेव्हा ‘आवडते म्हणून’ एवढेच म्हणावे आणि आरतीपुरते काढून ठेवावे.

मंडळी सुटली तर

माणसे नोकरीला पुण्या-बंगळूरला जातात, लग्ने होतात, गुडघे दुखू लागतात, कधी आवडच बदलते. तेव्हा मानाच्या वस्तू ज्यांनी दिल्या त्यांना रीतसर परत कराव्यात. क्लबचा बिल्ला शिवण उसवून, धुऊन, हातात नेऊन द्यावा, कुरियरने पाठवू नये. कामाच्या वस्तू वापरत राहाव्यात, कारण चांगला बूट आणि चांगले हेल्मेट कोणाच्या परवानगीवर चालत नाही; फक्त हेल्मेट एकदा जोरात आपटलेले असेल तर ते वरून धड दिसले तरी दुसऱ्याला न देता मोडीत काढावे. उरलेले हौसेचे सामान नव्याने येणाऱ्याला द्यावे किंवा विकावे. हणजुण्याचा बाजारही मुळात असाच सुरू झाला: सत्तरच्या दशकात इथे राहिलेल्या हिप्प्यांना आणखी काही दिवस राहायला किंवा परत जायला पैसे हवे असत, म्हणून ते अंगावरचे आणि पिशवीतले सामान पथारीवर मांडत. विकताना वस्तू कोणाकडून घेतली आणि कुठे वापरली ते घेणाऱ्याला सांगावे, आणि त्यावरचा एखादा बिल्ला कमावलेला असेल तर तो आधी काढून घ्यावा.